ठकीचा दाखला

हॅलो?… हो, मीच. बोल… नाही गं, शाळेतच आहे अजून. ऑफिसात… एकटी कुठली, शिपाईमामा आहेत ना. खिडक्या लावताहेत…

आवाजाला काय झालंय? दिवसभर बोलून घसा बसलाय, दुसरं काही नाही. तू सांग. आईचा गुडघा कसा आहे?… बरं… शेक घेते ना रोज?… हं… हं…

अगं, पण गुडघ्याचं सांगायला नाही तू फोन केलास. थोरली बहीण आहे मी तुझी. कळलं ना तुला?… फोटो? फाटकावरच्या नोटिशीचा?… पालकांच्या ग्रुपवर. वा. डिंक वाळायच्या आत फोटो.

हो, खरं आहे. सगळ्यात खालची श्रेणी… चार वर्षांत तिसऱ्यांदा. म्हणून आता शिक्षण कार्यालय शाळा स्वतःच्या ताब्यात घेणार. परवापर्यंत मी मुख्याध्यापिका. सोमवारी नवे साहेब येतील सुधारणा करायला… मला? मला कार्यालयात बसवणार. फायली आहेत म्हणे खूप.

मदत? आली होती की. विसरलीस का, दोन वर्षांपूर्वी वाचनासाठी जादा बाई दिल्या होत्या… हो, त्याच, उंचशा. पोरं घडाघडा वाचायला लागली, श्रेणी एक पायरी वर गेली. मग पत्र आलं. अभिनंदन, आता तुम्हाला जादा शिक्षकाची गरज उरलेली नाही. नेल्या त्यांना… हसतेस काय? ताप उतरला म्हणून पांघरूण काढून न्यायचं, आणि पुन्हा हुडहुडी भरली की म्हणायचं, रोगीच वाईट.

बरं, मला सांग, तपासणीच्या दिवसाचं तुझी ठकी काही बोलली का घरी?… नाही ना. मग ऐक… अगं ऐक ना, मधे बोलू नकोस. तिच्या वर्गाच्या बाईंची एक पद्धत आहे. ज्याला अडलंय त्यानं हात वर करायचा. ज्याला येतंय त्यानं हात खाली ठेवायचा आणि अडलेल्याला शेजारी बसून समजावायचं. अडलं म्हणायची लाज वाटू नये म्हणून… हो, त्यानंच तर आपली ठकी बोलायला लागली. पहिल्यांदा हात वर केला, त्या दिवशी बाई धावत माझ्याकडे आल्या होत्या सांगायला.

तर पथकातले एक साहेब आले वर्गात. चांगला माणूस होता, खोटं कशाला बोलू. फळ्यावर गणित लिहिलं आणि म्हणाले, हं, करा हात वर. दहा-बारा हात वर गेले. साहेब खूश. पहिल्याला उठवलं, तो म्हणाला, येत नाही. दुसरी उठली, मलाही येत नाही. तिसरा तर म्हणाला, मला कालपासून येत नाही… हो, असंच. आणि ज्यांना येत होतं ती सगळी हाताची घडी घालून बसलेली, कोणी अडलं तर जाऊ म्हणून वाट बघत… ठकीला येत होतं गं. बसली होती शहाण्यासारखी गप्प.

बाई दाराशी उभ्या. तपासणीत शिक्षकानं मधे बोलायचं नाही, असा नियम आहे… नंतर सांगितलं ना मी. ते म्हणाले, लिहून द्या. लिहून दिलं. उत्तर आलं, नोंद घेतली… म्हणजे काय म्हणजे? नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

नाही, तेवढ्यानंच श्रेणी गेली असं मी नाही म्हणत. निम्मी पोरं गणितात कच्ची आहेत, ती आहेतच. घरी कोणी बघणारं नाही, वर्ग भरलेले… पण कच्ची आहेत म्हणून तर शाळा हवी ना त्यांना?

हं… हं… काय?… ऐकू आलं मला. दाखला.

… हो, आहे तसा नियम. अशी श्रेणी लागली की पालकांना मूल हलवता येतं. दुसरी शाळा नाही म्हणू शकत नाही… कुठल्या शाळेत म्हणालीस?… पलीकडच्या? अगं, तिथूनच काढलीस ना तिला. अडखळते म्हणून पोरं नक्कल करायची तिची, वर्गात कोणी हूं की चूं केलं नाही. पाणी हवं असलं तरी पेल्याकडे बोट दाखवायची पोर, तुझ्याशीसुद्धा बोलेना. विसरलीस?…

असेल. त्यांची श्रेणी चांगलीच आहे. मुकं राहिलं तरी मार्क मिळतात कागदावर… तुझ्या नवऱ्याचं म्हणणं माहीत आहे मला. तुझ्या बहिणीच्या शाळेसाठी माझ्या पोरीचं नुकसान करू नको, हेच ना?… त्याचंही चुकत नाही. बाप आहे तो.

मी माझ्यासाठी नाही सांगत… बरं बाई, थोडं माझ्यासाठीही. तू फाटकावर नव्हतीस आज. बाया उभ्या होत्या, एक शब्द बोलत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या माझ्याकडे. सगळ्यांना एकच बघायचंय, मुख्याध्यापिकेची भाची राहते की जाते. तू नेलीस की उद्या इथे रांग लागेल. पोरंच उरली नाहीत तर नवे साहेब सुधारणार कोणाला, बाकांना? वर्षभरात कुलूप लागेल…

मी जबरदस्ती नाही करत. विचार कर म्हणतेय… हो… हो… म्हणजे, नवऱ्याशी भांडशील तू?… वर्गाच्या बाई राहणार असतील तर. तेवढं एकच…

… एक मिनिट. मामा, हा दिवा राहू द्या, मी बंद करते जाताना…

हं, बोल… नाही, टाळत नाहीये.

हो म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या… नाही. बाई नाही राहणार. सगळेच शिक्षक हलवताहेत. ऑर्डरी इथे टेबलावर पडल्यात, त्यांना अजून सांगितलंसुद्धा नाही मी. उद्या शाळा सुटली की सांगणार… कुठे गेल्या तरी तिकडे त्यांना असलं काही करू देतील का, देव जाणे… इथे? इथे कोण चालवणार ती पद्धत? येणाऱ्याला माहीतच नसेल.

तू नको रडू. तू रडलीस की मलाही… हो, वाईट वाटतंय. खूप वाईट वाटतंय. श्रेणीचं एवढं नाही, सकाळपासून खमकी होते मी. हे असं घरातूनच… नाही गं, तुला बोल नाही लावत. मी तुझ्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. डोळे पूस.

उद्याच ये… हो, उद्याच. परवापर्यंत माझी सही चालते, नंतर नव्या साहेबांच्या दारात खेटे घालशील. पलीकडच्या मुख्याध्यापिकेशीही बोलते मी. नक्कल कोणी करता कामा नये म्हणून बजावते. ऐकतील न ऐकतील, सांगायचं काम करते.

मागच्या दारानं? ते कशाला?… अच्छा. कोणी बघू नये म्हणून… कळलं, माझ्यासाठीच म्हणतेस. पण नको. पुढच्या फाटकानं ये. शाळा भरायच्या वेळेला, सगळ्या बाया असतात तेव्हा… अगं, त्यांचीही पोरंच आहेत. भाचीला गुपचूप हलवली आणि आम्हाला थांबा म्हणाली, असं कोणी म्हणायला नको. त्यांचं त्यांना ठरवू दे… लागू दे रांग. सगळ्यांना देते दाखले. त्यासाठीच बसलेय आता इथे.

बरं, ऐक. ठकीला दप्तर घेऊन आण. दाखला दुपारी देईन, घाई नाही. सकाळचा तास बाईंचा आहे, तेवढा बसू दे तिला… हो… हो, डबाही दे… ठेवते गं.