कोरी सही मिळणार नाही

बसा मंडळी, बसा! मागच्या आयाबायांनो, पुढे सरका, जागा आहे. पेटीवाले, जरा दम धरा — सूर लावायच्या आधी मला एक विचारायचंय. माणूस सही करतो, तेव्हा तो देतो काय? शाई? शाई तर दुकानात मिळते! मग काय देतो? करा विचार. आणि ते खांबाजवळ हातोहात काय फिरतंय? सह्यांचा कागद? देवस्थानच्या ट्रस्टीसाहेबांनी पाठवलाय? बरं, फिरू द्या. तुमचं चालू द्या, मी माझं चालू करतो.

तर ऐका. वेंगुर्ल्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून कातळवणे नावाचं गाव. काजूचं गाव! तिथे काजू उत्पादकांची संस्था, आणि संस्थेत कॉम्प्युटरवर बसणारी हेमांगी परब. मुलगी तिथलीच, विधवा आईची काजूची झाडं त्याच डोंगरावर. शिकली, आणि पुण्याला जायचं सोडून गावात परत आली. लोक म्हणाले, डोकं फिरलंय. फिरलं असेल! डोकं फिरल्याशिवाय गावात एक तरी चांगलं काम झालंय का?

तिने केलं काय? डबा परदेशी जातो, गिऱ्हाईक विचारतं — हा काजू कातळवण्याचाच कशावरून? पूर्वी उत्तर होतं, आम्ही सांगतो म्हणून. आता हेमांगीने आणली ब्लॉकचेन. घाबरू नका! सगळ्या जगाने मिळून सांभाळलेली नोंद ती, बाकी काही नाही. एकदा लिहिलं की खोडता येत नाही — अध्यक्षाला नाही, मंत्र्याला नाही. पण नोंदीखाली सही लागते, आणि ती हाताने होत नाही. जावास्क्रिप्ट म्हणून कॉम्प्युटरची एक भाषा आहे, तिच्यात लोकांनी तयार करून ठेवलेली लायब्ररी असते. पुस्तकांची नव्हे हो गुरुजी, हत्यारांची पेटी! तिला मजकूर द्यायचा, आपली गुप्त किल्ली द्यायची, ती दोन्ही घुसळून सही काढून देते. ही किल्ली एकट्या हेमांगीकडे. गावाने विश्वासाने सोपवलेली.

आता त्या संस्थेची एक रीत होती. प्रोसिडिंगची वही, म्हणजे सभेचे ठराव लिहायची वही — ती सभेच्या आधीच घरोघर फिरायची. पानं कोरी! संचालक चहा पिता पिता खाली सह्या करायचे, वरचा मजकूर अध्यक्ष सवडीने भरायचे. अध्यक्ष भाई धुरी. माणूस गोड. कुणाच्या लग्नात राबतील, कुणाला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेतील. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? हसताय काय? तुमच्याही गावात असेलच एक भाई!

त्या वर्षी मोहर जळला, गावची काजूची बी कमी आली. भाईंनी बाहेरच्या देशातली स्वस्त बी मागवली. बी मागवणं काही पाप नाही. पण डब्यावर नाव लागणार होतं कातळवण्याचं! ते हेमांगीला सहज म्हणाले, तुझ्या थोड्या कोऱ्या सह्या काढून ठेव, मजकूर मी नंतर भरतो. वहीवर मागतात तसंच हो. त्यांना वाटलं, सही ती सही!

हेमांगीला हसावं की रडावं कळेना. तिने त्यांना शेजारी बसवलं, एक ओळ लिहिली, सही काढली. मग ओळीतलं एकच अक्षर बदललं, आणि कॉम्प्युटरने सांगितलं, ही सही या मजकुराची नव्हे. वाहवा! काय यंत्र आहे मंडळी! त्या सहीच्या अंगात मजकूर मुरलेला असतो. मजकूर हलला की सही मेली. कोरं म्हणून तिथे काही चालतच नाही.

भाईंच्या कपाळाला आठी पडली. मग किल्लीच दे म्हणाले, शिक्का ठेवतेस तशी टेबलावर ठेव. ती म्हणाली, किल्ली देणं म्हणजे माझा हात तोडून देणं. तेव्हा भाई हसले — गोडच हसले — आणि म्हणाले, "तुझ्या आवशीची बी यंदा कोण घेता, ता बघतंय मी."

आता बोला! नोकरीचं एक सोडा. पण आईची वर्षभराची बी? संस्थेशिवाय गावात घेणारं कुणी नाही. हेमांगीला जेवण जाईना. करून टाकावी सही, असंही वाटलं. हो, वाटलं! ती काही देवी नव्हती, तुमच्याआमच्यासारखीच होती. पण आपल्या नावाने खोटं बोललं जाणार, हे तिला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या अंगणात बाहेरच्या बियेचा ट्रक उभा. भाईंनी सगळ्या उत्पादकांना मुद्दाम बोलावलेलं, चारचौघांत पोर वाकेल म्हणून. मजकूर तयार होता — ही बी कातळवण्याच्या डोंगरातली. फक्त सही बाकी. हेमांगी खुर्चीत बसली आणि तिने आईकडे बघितलं. आई दारात उभी, पदराला हात पुसत. तिला ना ब्लॉकचेन ठाऊक, ना जावास्क्रिप्ट. ती एवढंच म्हणाली, "माझ्या बियेसाठी खोटा लिवू नको. मी बाजारात बसतलंय."

झालं! हेमांगीने भाईंचा मजकूर पुसून टाकला. स्वतःचा लिहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "ही किल्ली आजपासून बंद. यापुढे हिने केलेली सही कातळवण्याची मानू नये. हेमांगी परब." आणि गंमत बघा, किल्ली बंद करायची तर सहीही त्याच किल्लीची लागते! तिने ती केली. बटण दाबलं.

भाई म्हणाले, पूस ते.

"भाई," ती म्हणाली, "ते आता तुम्हालाही पुसता येत नाही आणि मलाही."

आता पुढचं गोड करून सांगू? नाही सांगणार! नोकरी गेली. आई खरंच आठवडी बाजारात बसली, पडेल त्या भावाने बी विकली, आणि हेमांगी तिच्या शेजारी तराजू धरून बसली. पण ट्रकही जागचा हलला नाही. बाहेरची गिऱ्हाइकं विचारू लागली, किल्ली बंद का? नवी किल्ली करायची तर ठराव लागतो. म्हणून वही पुन्हा घरोघर निघाली. पुन्हा कोरी!

पहिलं घर तात्या शिरोडकरांचं. जन्मभर कोऱ्या सह्या केलेला माणूस. तात्यांनी वही आणणाऱ्याला चहा पाजला आणि वही तशीच परत दिली. आधी लिहा, मग वाचा, मग बघू म्हणाले. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. शेवटी भाईंना सभा भरवावी लागली, सभा म्हणेल तसा ठराव लिहावा लागला आणि स्वतःच्या तोंडाने वाचावा लागला — बाहेरची बी बाहेरच्याच नावाने जाईल, आणि नवी किल्ली हेमांगी परब हिच्याकडे राहील. 

आता माझा प्रश्न. सही करताना माणूस देतो काय? तोंड देतो, मंडळी, स्वतःचं तोंड! वर जे लिहिलंय ते मी बोललो, असं जगाला सांगतो. आणि न वाचता सही करणारा आपलं तोंड दुसऱ्याला वापरायला देतो.

मघाचा कागद कुठवर आला? अरे वा, निम्मा मांडव संपला! वरचा भाग दुमडलेला दिसतोय. आजोबा, तुम्ही सही केलीत ना? काय लिहिलंय वर? ठाऊक नाही म्हणता? ताई, तुम्ही? मान खाली घालू नका, सांगा. ट्रस्टीसाहेब, उठू नका, बसा! पुढच्या वर्षी मला बोलावलं नाहीत तरी चालेल. ज्या यंत्राला देव ठाऊक नाही, ते कोऱ्यावर सही देत नाही, आणि आपण देवाच्या दारात बसून देतो?

उघडा ती घडी. मोठ्याने वाचा. पटलं तर सह्या राहू द्या, नाही पटलं तर फाडा. तोवर ही चिपळी वाजणार नाही आणि आरतीही होणार नाही. हं, वाचा. आम्ही ऐकतोय.