कॅसरोलवरची शेव

महूच्या कॅफेतल्या नोकरीचं काय झालं विचारता ना, भिया? सांगतो, पण हसू नका.

माझं शिक्षण आठवीपर्यंतच. म्हणून तिथल्या मॅडम म्हणाल्या, "तुझ्या घरी येऊन तुझ्या हातचं खाते, मग ठरवू." मी क्रीम घालून चिकन आणि ब्रोकोलीचं कॅसरोल केलं. शेजारच्यांचा ओव्हन मागून आणला. वरचं चीज अगदी सोनेरी झालं होतं. मॅडमना घ्यायला खाली गेलो आणि वर येऊन बघतो, तर त्यावर लसणाची शेव, जीरावन मसाला आणि चिरलेला कांदा!

आई माझ्या कानात म्हणाली, "फारच फिकं होतं रे, आजारी माणसाचं जेवण वाटत होतं."

मॅडमनी एक घास खाल्ला आणि चमचा ठेवला. "ही शेव तू घातलीस?"

आई दारात उभी राहून कौतुकाने बघत होती. माझ्या तोंडून निघालं, "हो जी, मीच."

"आमच्याकडे असं नाही चालत, बेटा." आणि त्या उठल्याच.

आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे. शेव होती म्हणून त्यांनी एक घास तरी खाल्ला."