बेचाळीस ठसे आणि एक मखर

आदरणीय अध्यक्ष उन्मेषराव दामले, फोर्ट विल्यमहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे ब्रिगेडियरसाहेब, व्यासपीठावरील कार्यकारिणीचे सन्माननीय सदस्य, सत्कारमूर्ती श्री. जयप्रकाश टिपणीस सर, पहिल्या रांगेतल्या पुष्पावहिनी, आणि पानं मांडली जाईपर्यंत नाइलाजाने बसलेल्या माझ्या कलकत्तेकर बंधुभगिनींनो,

मी शकुन आठल्ये. मंडळाचं ग्रंथालय सांभाळते. मला इथे मानपत्र वाचायला उभं केलंय. मानपत्र सुरेख आहे, चौकट तर त्याहून सुरेख. "खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये तीस वर्षे निष्कलंक सेवा, मंडळात बावीस वर्षे रविवारचा बालवर्ग, आणि आता वयोमानानुसार नाशिकला लेकीकडे प्रस्थान." वयोमानानुसार! उन्मेषराव, हा शब्द लिहिताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही? मी हे वाचणार नाही. खुणा करू नका, बसा. दहा मिनिटं माझी आहेत.

पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. सुट्टी मिळाली की सर कार्ले, कुडा, जुन्नर असे हिंडायचे. रीतसर परवानगी काढून लेण्यांतल्या शिलालेखांचे ठसे घ्यायचे. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशने थोपटून खाचांत बसवायचा, वरून शाईचा बोळा फिरवायचा. कागद काळा होतो, अक्षरं पांढरी राहतात. ठसा वाळेपर्यंत पुष्पावहिनी छत्री धरून उभ्या. असे बेचाळीस ठसे केले दोघांनी.

आणि त्या ठशांवरून सर मुलांना काय शिकवायचे? महावीर आणि बुद्ध दोघेही मगधात वावरले, म्हणजे इथून रेल्वेने आठ-दहा तासांवर. दोघांनी घरचं वैभव सोडलं, यज्ञातला पशुवध नाकारला, आणि लोकांशी लोकांच्याच बोलीत बोलले. महावीर इथल्या राढ प्रदेशात आले तेव्हा लोकांनी त्यांच्यावर कुत्री सोडली, असं जैन परंपरा सांगते. भल्या माणसाचं स्वागत करायची रीत जुनीच दिसते! भिक्खू पावसाळ्यात चालत नसत, पायाखाली कोवळं गवत, किडामुंगी चिरडू नये म्हणून. पावसाळाभर एका जागी राहायचं, तर निवारा हवा. म्हणून सह्याद्रीत लेणी कोरली गेली. कोरवली कुणी? राजांनी, हो. पण सुताराने, अत्तरं विकणाऱ्या गंध्याने, माळ्याने आणि भिक्षुणींनीसुद्धा! त्यांची नावं दगडावर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात आहेत, आणि प्राकृताच्याच पोटी आपली मराठी आली. आमची आभा, घरी मराठीत बोल म्हटलं की रडणारी मुलगी, ब्राह्मीतला 'दानं' हा शब्द स्वतः वाचून वर्गभर नाचली होती. ती विसरली गेलेली ब्राह्मी लिपी आधुनिक काळात पुन्हा वाचली गेली तीही याच कलकत्त्यात. हे आपण दरवर्षी वर्धापनदिनाला मिरवतो. मिरवण्यात आपला हात कोण धरणार!

आता यंदाच्या गणपतीचं ऐका. इथल्या दुर्गापूजेला थीम असते, मग आपल्यालाही थीम हवी. ठरली 'लेणी'. पुठ्ठ्याची कमान उभी राहिली, पण खडक काही खडकासारखा दिसेना. सजावट सुरुचीकडे होती. ती नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे गेल्याच वर्षी इकडे आलेली. तिला ग्रंथालयाच्या कपाटात मोठेमोठे, सुरकुतलेले, काळे कागद मिळाले. कात्री, खळ, झालं काम! लेण्यांचा देखावा करायला खऱ्या लेण्यांचे ठसे कापले! हसताय काय? माझी तर आग होते अंगाची.

सर पहिल्या दिवशी आरतीला आले. चष्मा पुसून मखराजवळ वाकले. एका ओळीतली अक्षरं बोटाने लावून बघितली. मग हळूच म्हणाले, "सुरुची, ही भिक्षुणी उलटी लागलीय गं." एवढंच. प्रसाद घेतला आणि घरी गेले. विसर्जनानंतर मखर मोडून कचऱ्याच्या गाडीत गेलं.

पुढे बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "अहो, झेरॉक्स असेलच की!" झेरॉक्स! त्यातल्या दोन लेखांची अक्षरं दगडावरूनही झिजून गेलीत. ठसा होता तेवढाच राहिला होता, तोही आपण खळ लावून संपवला. वर रिकामं झालेलं कपाट सजावटवाल्यांना देऊन टाकलं. फळ्यावर लावायला ठसेच नाहीत, तर वर्ग कशावर घ्यायचा? वर्ग बंद पडला, आणि सर निघाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! दोन महिने झाले. या व्यासपीठावरच्या एकानेही "चुकलं" म्हटलेलं नाही. गुरुवारी सरांची गाडी आहे. शाल-श्रीफळ हातात कोंबलं की आपण सुटलो, असंच ना?

असो. पाहुणे आले, त्यांचे आभार. सकाळपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्यांचे आभार. राहिलं चुकल्यामाकल्याचं. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. सुरुचीने "काही जुने कागद आहेत का" विचारलं, आणि मी पुस्तकांवर क्रमांक टाकता टाकता, मान वर न करता किल्ली तिच्या हातात दिली. दोन महिने मी सगळ्यांवर तोंडसुख घेतेय, आणि हे मात्र गिळून बसलेय. लाज वाटते मला, सर.

आपण कात्री चालवत होतो त्याच आठवड्यात बडाबाजारातले जैन घरोघरी जाऊन एकमेकांची क्षमा मागत होते. ते प्राकृत शब्द तुम्हीच वर्गात फळ्यावर लिहिले होते. अर्थ सांगितला होता, माझ्या हातून झालेलं वाईट फोल ठरो. मला त्याहून बरे शब्द सापडले नाहीत.

मिच्छामि दुक्कडं, सर. पुष्पावहिनी, तुम्हालाही.

उन्मेषराव, शाल राहू द्या तिथेच. हा माइक घ्या. आता तुम्ही म्हणा.