घाटात पाय न टेकता

हसा खुशाल, पण आमच्या हिने बजावलंच होतं, "घाटात पुन्हा सायकल ढकलताना दिसलात, तर ती भंगारात जाईल." चढ हलका व्हावा म्हणून मी मागे मोठं दातेरी चक्र बसवलं. जुन्या गिअरला ते झेपेना, चेन अडकायला लागली. शेवटी ते परत करून पुढचं चक्र लहान केलं. ते मात्र मुकाट्याने बसलं.

दुसऱ्या सकाळी म्हसळ्याच्या घाटात चढत होतो. डोक्यावर मोळी घेतलेल्या शेजारच्या सुमनवहिनींनी चालत चालत मला गाठलं.

"भावजी, उतरा की! चालत लवकर पोचाल."

मला हायसं वाटलं. साक्षीदार मिळाला होता.

"तुम्ही व्हा पुढे, वहिनी. घरी हिला एवढंच सांगा, मी सायकलवर बसलेला दिसलो."