नोकरीवाल्या पोरीचा बस्ता

नाई नाई, शालिकरामभाऊ, तो शालू ठेवा बाजूले. पाह्यला ना? झालं तं मंग. हे साडी पाहा — साधी, धुवाले हलकी, रंग हलत नाई. हसता काय? कारंज्यात कापडवाला स्वतःच म्हनते का भारी माल घेऊ नका — हो, म्हनतो. आजच्या दिवस म्हनतो. पंख्याखाली सरका. सकाळपासून भाजीच्या पाट्या उचलल्या असतीन, घामानं निथळून राह्यले. पानी आनू का? बरं.

व्याही कोनत्या गाडीनं येऊन राह्यले? मंगरूळवाल्या? मंजे येतीनच आता — अन् तुमी म्हनता, ते यायच्या आधीच पसंती करून ठेवू, व्याह्यासमोर घासाघीस नको. हुशार हा! पन बस्त्याचा माहा एक नियम हाय, बापापासूनचा — कापड एकदा फाडलं का वापस घेत नाई. नवरदेवाचं सुटाचं कापड असो का त्याच्या मामाचं शर्टपीस असो, फाडलं मंजे फाडलं. मंग लग्न होवो का न होवो... अभद्र नाई बोलून राह्यलो हो! जीभ चावली, घ्या. मनून म्हनतो का, आज नुसतं पाहा, फाडाचं पुढच्या हप्त्यात. त्यायले सांगा, या मांगीलालशेठचा माल यायचा हाय सुरतेहून. झूठ? असू द्या झूठ, माह्या नावावर.

पोरगी पाहाले आले तवा काय म्हनलं होतं व्याह्यानं, देवमनजीनं? तुमीच सांगतलं, याच गादीवर बसून — मानपान नको, काही नको, पोरीले विमान कंपनीत नोकरी हाय, तेच लय झालं. बरोबरच हाय त्यायचं. त्यायच्या हर्षलचं मोबाईलचं दुकान चालत नाई, घरात एक तरी पगार पाह्यजे. मंजे सारं लग्न त्या नोकरीवर उभं, हो का नाई? नाई, सहज पुसलं.

नमन? हाय ना, दिवाळीचा आलेला हाय. वर माळ्यावर बसते लॅपटॉप घेऊन, घरी टॉवर लागत नाई. मी खाली कापड मोजतो, वरून इंग्रजी पडते. लोक पुसतात, पोरगा काय करते? काय सांगू? विमान कंपनीले सल्ला देते. विमान कसं उडवाचं ते नाई बाप्पा — कोनतं काम कोनाकडे ठेवाचं, कोनतं काम ठेवाचंच नाई. कंपनीत बदल कराचा म्हनते. म्हनलं बेटा, वीस-वीस वर्सांची मानसं हायेत तिथं, तुले काय समजते त्यायच्यातलं? तं म्हनते, बाबा, बाहेरच्याले जास्त दिसते. असीन.

अन् तुमीच तं म्हनलं होतं ना — घरी भाजी घेऊन आल्ते, कांदे-आलू सोडून सारं आनता बिचारे, नमनच्या मायनं, धापूबाईनं चहा देला — का नमनले म्हना, आमची उज्ज्वला त्याच कंपनीत हाय, नागपूरच्या काउंटरवर, जरा ध्यान ठेव. ठेवलं ना त्यानं ध्यान! गेला, भेटला, पुसपास केली. अन् पोरगी काय समजली? आपल्या गावचा भाऊ, याच्यापासून काय लपवाचं? सारं सांगून देलं — सकाळचं विमान गेलं का काउंटर रिकामं रायते, आता लोक मशीनवरच चिठ्ठी काढून घेतात, आमी पोरी गप्पा मारत बसतो. बाकी साऱ्या म्हनल्या, मरायले फुरसत नाई. हे एकटी खरं बोलली. काहून? वळख होती मनून.

काही नाई. काही नाई हो. हे शर्टपीस पाहा.

परवा वरून ऐकू आलं — नागपूर, नागपूर. खाली आल्यावर पुसलं मी. तं म्हनते, बाबा, कोनाले सांगू नका, माही नोकरी जाईन. म्हनलं, अन् तिची? तं म्हनते, माह्या कागदावर नावं नसतात बाबा, कामाचे चौकोन असतात. दिवस बुडाच्या आत जेवाले बसला अन् तसाच ताटावरून उठला. धापूबाई म्हनते, सांगून टाका. सांगून काय होते? सांगतलं तं लग्न मोडते, नाई सांगतलं तं सासरी पोरीचे हाल कुत्रं खात नाई. आमच्या मुनीमहाराजले पुसाची हिंमत नाई झाली. ते म्हनतीन खरं बोल — अन् खरं बोलूनच तं पोरगी...

काय? काउंटर बंद होऊन राह्यलं असं कुठं म्हनलं मी? म्हनलं का?

हो, भाऊ. नव्या वर्सात. कंत्राटदाराच्या पोरी येतीन, त्याही थोड्याच. उज्ज्वलाले अजून मालूम नाई. नका लावू फोन — ठेवा तो. ड्यूटीवर असीन ते, कोनासमोर हसून राह्यली असीन. नमनले नका हाक मारू. पुसलं मी त्याले, थांबवता येते का. म्हनते, मी नाई लिहिलं तं दुसरा लिहीन. वरून आवाज येऊन राह्यला का त्याचा? नाई ना? तुमी आल्यापासून बंद हाय. पाह्यलं असीन तुमाले जिन्यावरून. उठता कायले? बसा. भाऊ, बसा —

रामराम, रामराम! या देवमनजी, या वहिनी, गादीवर या. गाडीले गर्दी असीन. हो, शालिकरामभाऊ कवाचेच येऊन बसले. डोळे? काही नाई हो — नवा गठ्ठा उघडला आत्ताच, कापडाचा बारीक कोंडा उडते. माल? हाय ना... सुरतेहून यायचा... नाई, तसं काही नाई. हा शालू? भारीच हाय. नजर बरोबर तिथंच गेली तुमची. हो, हो, नोकरीवाली सून, चार लोकायत दिसली पाह्यजे. अन् हे सुटाचं कापड, हर्षलरावाले शोभीन. आत्ताच फाडू म्हनता? बरं. कैची लावली मी. शालिकरामभाऊ, इकडे पाहा. तुमी बोला. फाडू?

भाऊ?