होय म्हणायला माणूस लागतं

आम्ही हळर्णचे, गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले. किल्ल्याची पडकी तटबंदी दिसते ना, तिच्या खालच्या वाड्यावरचे, आजा-पणजापासूनचे. तुमच्यासाठी जरा शुद्ध बोलायला बघतोय हां, मधेच घसरलो तर तसंच लिहा, सुधारू नका. बापूस शेती करायचा, डोंगरावर थोडे काजू, घरात आई, मी थोरला आणि माझ्यामागून आठ वर्षांनी झालेला गुरुदास. बाकी सांगण्यासारखं काय नव्हतं बघा, एक सोडून. आमचा बापूस गाऱ्हाणं चांगलं घालायचा. तुमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, आमच्याकडे तसं नाय. घरात काय शुभकार्य असलं की देवाकडे नारळ-विडा ठेवायचा आणि घरातल्या थोरल्याने सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं, मोठ्याने, समोरासमोर, काय हवं नको ते सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हाराजा म्हटलं की बाकीच्यांनी होय म्हाराजा म्हणायचं. त्यात एक ठरलेली जागा असते. जी माणसं घराबाहेर लांब पडलीत, मुंबईला, बोटीवर, गल्फात, त्यांची नावं घ्यायची आणि देवाला सांगायचं, ह्यांना सांभाळ, सुखरूप घरी आण. बापूस सांगायचा, एकट्याचां गाऱ्हाणां देवाक पोचना नाय रे, होय म्हणणारो कोण तरी व्हयो. तेव्हा मी हसलो होतो.

मी डिचोलीच्या बाजूला खाणीवर फिटर होतो, पंपाचा. खाण खोल गेली की खाली पाणी लागतं, ते रात्रंदिवस उपसून बाहेर फेकायचं, नाहीतर टिप्पर बुडतील. म्हणजे काय सांगू तुम्हाला, उभा जन्म मी पाणी फेकून देण्यात घालवला. लग्न झालं, मंदा आली, चांगली होती, मूल काय झालं नाय. मग बापूस गेला आणि गाऱ्हाणं माझ्याकडे आलं. गुरुदासची पोर, प्रणाली, ती माझ्याच मांडीवर वाढली म्हटलं तरी चालेल, मी गाऱ्हाणं घालायला उभा राहिलो की ही एवढीशी सगळ्यांच्या पुढे येऊन उभी आणि होय म्हाराजा इतक्या मोठ्याने ओरडायची की मंदा तिचं तोंड दाबायची. मी तिला म्हणायचो, तुज्या लग्नाचां गाऱ्हाणां मीच घालतलंय, तेव्हा असोच आवाज काढ. हे लिहा. पुढचं सगळं ह्यावरच आहे.

खाण बंद झाली. चार-पाच वर्षं इकडे तिकडे गॅरेजात काढली. मंदाला आजार झाला, ती गेली. घर भरलेलं होतं, नाय असं नाय, गुरुदास, त्याची बायको सुलभा, प्रणाली, पण मी माझ्या खोलीत जाऊन बसलो की भिंतीशी बोलावं एवढंच. तेव्हा खाणीवरचे आमचे जुने साहेब भेटले. ते म्हणाले, मोझांबिकात एक संस्था आहे, गावांत हातपंप बसवते, पण बिघडले की दुरुस्त करणारं कोण नाय, तू जाशील का, दुरुस्त कर आणि तिथल्या लोकांना शिकव. पगार नाय, राहणं-जेवण आणि जाण्यायेण्याचं तिकीट. घरी सांगितलं तर सुलभा म्हणाली, दादानू, लोक गल्फात जातत ते मिळवूक, तुमी फुकट काम करूक आफ्रिकेत जातास? वाड्यावर तर कोणाला खरंच वाटेना. आजपण अर्ध्या वाड्याला वाटतं माझं तिथे मोठं काम आहे आणि मी लपवतो. मी गेलो कारण इथे मला कोणी हाक मारत नव्हतं. खरं सांगतो. जेवूक ये एवढीच हाक.

तिथे गेलो आणि पहिल्याच दिवशी गंमत झाली. ज्या घरात राहायला दिलं तिथल्या बाईने मला खिडकी दाखवून सांगितलं, जनेला. मी बघतच राहिलो. आमच्या घरात खिडकीला जनेलच म्हणतात. मग टेबलाला मेझा, आमची मेज. चमच्याला कुल्येर, आमची कुलेर. बाल्दीला बाल्द, पावाला पाव. तिथेही पोर्तुगीज होते, इथेही होते, ते गेले आणि दोन्हीकडे भांडीकुंडी ठेवून गेले म्हणा. आणि झाडं बघावी तर काजूची, आणि त्याला म्हणतात काजू! मी त्या दिवशी एकटाच हसत होतो. पण जनेल, मेज, कुलेर एवढ्यावर माणूस किती बोलणार? खिडकीला जनेल म्हणता येतं, मला आज बरं वाटत नाय हे कसं सांगायचं? दोन वर्षांत कामापुरती भाषा आली. पाना दे, वायसर बदल, पाणी आलं. पाणी आलं की बायका हसायच्या, गायच्या, ते बघून बरं वाटायचं, जन्मभर पाणी फेकलं आणि आता एका घागरीसाठी एवढा आनंद. मग त्या घागरी घेऊन आपापल्या घरी जायच्या आणि मी पाने पुसून पिशवीत भरायचो.

दिवेलागणीला माझ्या दारात काजूचं झाड होतं त्याच्याखाली उभा राहून मी गाऱ्हाणं घालायचो. विसरायला नको म्हणून. प्रणालीच्या लग्नात अडखळलो तर लाज जाईल, म्हणून सुरुवातीला नुसता सराव. नारळ नाय काय नाय, हात जोडायचे आणि मोठ्याने बोलायचं. आता तिथे लांब कोण? मी तिथे, म्हणजे लांब पडलेले हे घरचे, असं ना? म्हणून मी म्हणायचो, माजां घर लांब रवलां म्हाराजा, माजो भाव, भावजय, आमचां चेडू थंय लांब आसत, तेंका सांबाळ. चेडू म्हणजे पोर, आमची प्रणाली. आणि थांबायचो. होय म्हणायच्या जागेवर थांबायची सवय ना. कोणी होय म्हणायचं नाय. मग पुढचं वाक्य. पंपाच्या कमिटीवर एक बाई होती, आल्बेर्तिना, माझ्यापेक्षा जरा लहान, पाना माझ्यापेक्षा चांगला धरायची. ती एक दिवस पिशवी द्यायला आली, मला असं बोलताना बघून उभी राहिली आणि विचारलं, कोणाशी बोलतोस, बायकोशी? मी म्हटलं, हो. काय सांगणार होतो?

गुरुदासचा फोन आला, प्रणालीचं ठरलं, मुलगा मये गावचा, तळ्याच्या बाजूचं घर, चांगली माणसं. म्हणाला, दादा, तू येशी मा? गाऱ्हाणां तुकाच घालूक व्हयां. मी नुसतं हो हो म्हणत राहिलो. निघताना आल्बेर्तिनाने नवरीसाठी तिकडचं कापड दिलं, कमरेला गुंडाळतात ते, लाल-पिवळं, मोठ्या फुलांचं. आणि गावातल्या बायकांनी काजूगर बांधून दिले. आमच्या काजूच्या पेडण्याला मी काजू नेतोय म्हणजे बघा. ट्रक, बस, तीन विमानं, आणि शेवटचं उतरलं ते मोप्याला, आमच्याच तालुक्यात. खिडकीतून खाली आमचेच डोंगर दिसत होते आणि मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होतो, ते बघा, त्या बाजूला आमचं घर.

घर रंगवलेलं होतं. दारात मंडप. माझ्या खोलीत लग्नाची भांडी, तांदळाची पोती, माझी जुनी जनेल काढून तिथे सरकती काच बसवलेली. गुरुदास म्हणाला, दादा, तू भायल्या खोलयेत रव, पाव्हण्यांसाठी केल्लीसा, थंय पंखो बरो आसा. खोली चांगलीच होती. सुलभाने चहा आणला तो कपबशीतून, सोनेरी काठाच्या. मी जन्मभर त्या घरात स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायलो. मी म्हटलं, माजो पेलो खंय गो? ती म्हणाली, दादानू, तुमी इतक्या वर्सांनी इलास, तुमका पेल्यातसून चा दिवंव? तिने मानानेच दिला हो, तिची काय चूक नाय. पण ती बशी हातात धरून मला काय झालं ते सांगता येत नाय. आल्बेर्तिनाचं कापड तिने जिलेबीची ताटं झाकायला घेतलं, माश्या बसत होत्या म्हणून.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी देवाकडे नारळ ठेवला. सगळा वाडा जमला, भावकी, मुंबईची माणसं, शेजारचे पांडूमामा काठी टेकत पुढे. गुरुदासने माझ्या हातात नारळ दिला. प्रणाली हळदीच्या साडीत माझ्या उजव्या बाजूला उभी, लहानपणी उभी राहायची तिथेच. मी सुरुवात केली, बा देवा म्हाराजा, आज ह्या घरातल्या चेडवाचां मंगल कार्य तुज्या पायाकडे ठेवलां. होय म्हाराजा! अहो, दोन वर्षांनी होय ऐकलं. तीस-चाळीस माणसांचं होय. डोळे मिटले ते मिटलेच. माझा आवाज सुटला. बापसासारखा सुटला, असं मागून लोक म्हणाले. आणि ती लांबच्या माणसांची जागा आली आणि मी म्हटलं, माजां घर लांब रवलां म्हाराजा. होय म्हाराजा! माजो भाव, भावजय, आमचां चेडू थंय लांब आसत, तेंका सांबाळ रे म्हाराजा. होय म्हाराजा! मी हय परमुलखात एकटो आसय, माका तेंच्याकडे सुखरूप ने रे म्हाराजा.

ह्या वेळी होय आलं, पण थोडंच, मागच्या रांगेतून. गाऱ्हाण्यात शब्द कोण ऐकतं, म्हाराजा म्हटलं की होय म्हणायचं. पण पुढच्यांनी ऐकलं होतं. डोळे उघडले तर गुरुदास माझ्याकडे बघत होता, हातभर अंतरावरून. पांडूमामा मोठ्याने हसले, अरे, तू खंय आसस ता तरी बघ! मग सगळेच हसले. मीपण हसलो, दुसरं काय करणार, आणि पुढचं वाक्य आठवेना. एकही शब्द नाय. गुरुदास नाय हसला. त्याने माझ्या हातातला नारळ हळूच घेतला, म्हणाला, दी दादा, मी पुरां करतंय. आणि केलं. चांगलं केलं. दोन वर्षं तोच घालत होता ना, त्याची जीभ आता सरावली होती. मी रांगेत मागे जाऊन उभा राहिलो आणि इतरांबरोबर होय म्हाराजा म्हणत राहिलो. बापूस गेल्यापासून मी होय म्हणणाऱ्यांत उभा राहिलो नव्हतो.

दुपारी मी मागच्या पडवीत बसलो होतो, काजूगर निवडत, कोणी सांगितलं नव्हतं, पण हाताला काहीतरी काम हवं. प्रणाली आली, हातात हिरवा चुडा भरलेला, म्हणून हात जरा लांब धरून बसली. म्हणाली, मोठेबाबा, तुमी चुकलास नाय. मी म्हटलं, चेडवा, समजूत घालू नको. ती म्हणाली, पप्पा दर खेपेक लांबच्या मानसांत पयलां नाव तुमचां घेतत, आनी थंयच तेंचो आवाज बसता. मग ते थांबतत. आमी होय म्हणतंव आनी ते परत सुरू करतत. मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही दोघे भाऊ एकाच घरात जेवलो, त्याने मला कधी असं काय सांगितलं नाय, मीही नाय. मग ती म्हणाली, आता फाल्यां लगीन लागल्यापासून माजां नाव पण लांबच्या मानसांत येतलां. मी पप्पांक सांगलंय, मोठेबाबांच्या बाजूक घाला. आणि रडायला लागली. मी पण रडलो, लपवत नाय. मये काय लांब आहे का हो? दोडामार्गला जाऊन येण्यासारखं. पण एकदा नाव त्या रांगेत गेलं की ते परत ह्या रांगेत येत नाय. जाताना तिने ताटांवरचं ते लाल-पिवळं कापड मागून घेतलं, जिलेबीच्या पाकाचे डाग पडले होते तरी, घडी घालून आपल्या बॅगेत ठेवलं.

लग्न झालं, सगळे आपापल्या ठिकाणी गेले. मंडप काढला तिथे अजून खड्डे आहेत. तुम्ही आज आलात, परवा मी निघतो. सुलभा म्हणते, दादानू, आता पुरे झालां, हय रवा. मनापासून म्हणते. माझी खोली पण रिकामी करून देते म्हणाली, आणि काल चहा पेल्यातून दिला, कोणी तिला सांगितलं माहीत नाय. पण मी जाणार. अजून दोन पंप राहिलेत आणि आल्बेर्तिनाला वॉल्व बसवायला शिकवायचं आहे. आणि एकटं तिथेही वाटतं, इथेही वाटतं, पण तिथे वाटलं तर त्याला काहीतरी कारण असतं. परवा सकाळी गुरुदास नारळ ठेवणार. मी त्याला म्हटलं, तूच घाल, मी होय म्हणतो, पण माझ्या नावाकडे थांबलास तर मी होय म्हणेपर्यंत थांब.

आता किती लिहिणार तुम्ही, हात दुखला असेल. जाताना एक करा. तिथे गेल्यावर झाडाखाली घालायचं गाऱ्हाणं मी बदललंय, लांबचे कोण आणि जवळचे कोण ह्याचा घोळच नको. एकदा म्हणून बघतो. तुम्ही वही ठेवा खाली, हात जोडले नाय तरी चालतील. बा देवा म्हाराजा, जो जंय आसा, थंय तेका सांबाळ रे म्हाराजा.

म्हणा की.