आजोबांची चुकलेली गाठ

माझ्या मुलीला, ममताला, जुळी झाली, ते वर्ष २०२४. भाईंदरला उत्तनच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन शेजारणी बोलत होत्या.

"काय गं नीलम, तुझी जुई पुन्हा बोलायला लागली म्हणे?"

"काकू, कालपासून तोंड बंद नाही तिचं!"

"आणि इतके दिवस मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची ती?"

"मी हिसकावून घेतला, तर जेवणच सोडलं बयेने. शेवटी उत्तनहून सासूबाई आल्या. तिच्याशेजारी बसून म्हणाल्या, 'मना पण दाखव गो, काय बघतेस?'"

"काय बघत होती?"

"आजोबा जाळं विणतायत, तोच व्हिडिओ. पुन्हा पुन्हा. मी कधी विचारलंच नव्हतं."

"अगं बाई! सासूबाई रडल्या असतील."

"छे! म्हणाल्या, 'म्हातारा गाठ चुकीची मारतोय बग. लग्नापासून सांगतेय, आयकतच न्हाय!' जुई खो खो हसली. मग आजीच्या कुशीत शिरून पोटभर रडली."

"आणि आता?"

"आता बरोबर गाठ शिकायला चाललीय आजीकडे. ती बघा, सगळ्यांच्या पुढे उभी!"

बसमध्ये जुई माझ्याच शेजारी बसली. न विचारता तिनेच सांगितलं, तिचे आजोबा नाथा यंदा होळीच्या दुसऱ्या दिवशी वारले.